खोके विकल्यावर किल्ली कोणाकडे?

सप्रेम नमस्कार.

मी आणि माझे एक भागीदार भोसरीत इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा लहानसा व्यवसाय करतो. घरातील किंवा सोसायटीतील पाण्याच्या मोटरीवर लक्ष ठेवणारे एक खोके आम्ही तयार केले आहे. त्यात लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा एक छोटा बोर्ड आहे आणि मोटर चालू-बंद करणारा, साध्या मायक्रोकंट्रोलरचा (एकाच चिपमधील छोट्या संगणकाचा) दुसरा बोर्ड आहे. मोटर किती विद्युतप्रवाह ओढते एवढ्यावरून ती पाणी उपसते आहे की कोरडी फिरते आहे हे ओळखणारा प्रोग्राम आम्ही तीन वर्षे खपून लिहिला. तो लिनक्सच्या बोर्डावर चालतो आणि तोच आमच्या धंद्याचा जीव आहे. पहिली ३०० खोकी विकली गेली. दिवाळीपूर्वी २,००० खोक्यांची तुकडी काढायची आहे.

आमच्या एका ग्राहकाने खोके उघडून आतल्या सिरीयल पोर्टला (बोर्डाशी तारेने थेट बोलण्याच्या जोडणीला) तारा जोडल्या आणि आमचे ॲप बाजूला ठेवून ते स्वतःच्या घरातील यंत्रणेशी जोडले. मला त्याचे कौतुक वाटले, तर भागीदारांची झोप उडाली. ते म्हणतात, नव्या तुकडीत पोर्ट काढून टाकू, चिपमधील फ्यूज (एकदाच बदलता येणारी खूण) जाळून आमच्या डिजिटल सहीखेरीज कोणतेही फर्मवेअर (यंत्रातले मूळ सॉफ्टवेअर) चालणार नाही असे करू, आणि खोके उघडल्यास वॉरंटी रद्द. आमच्याकडे पैसे गुंतवणाऱ्यांचेही हेच मत आहे. मला ते पटत नाही. पण सगळे उघडे टाकून नक्कल करणाऱ्यांना बोलावण्याचे धैर्यही मला होत नाही. शिवाय लिनक्स वापरल्यामुळे आमचा प्रोग्राम जाहीर करावा लागेल का, तेही कळत नाही. आपण काय सुचवाल?

— एक वाचक, भोसरी

नमस्कार.

तुमच्या भागीदारांच्या मनात तीन निरनिराळ्या चिंता आहेत आणि त्या त्यांनी एकाच कुलपात कोंबल्या आहेत. स्पर्धक आपल्या मालाची नक्कल करील, ही पहिली. ग्राहक खोक्यात हात घालून काही बिघडवील आणि बोल आपल्याला लागेल, ही दुसरी. कोणी परका इंटरनेटवरून शिरून भलत्याच्याच घरची मोटर चालवील, ही तिसरी. तिन्ही खऱ्या आहेत, यात शंका नाही. परंतु पहिल्या चिंतेवर त्यांनी जो उपाय सुचवला आहे, तो त्या चिंतेचा उपायच नाही, आणि फ्यूज एकदा जाळला की परत जोडता येत नाही, म्हणून हे आधी सांगतो.

फर्मवेअरवरची सही तपासण्याची सोय 'या चिपवर काय चालू द्यायचे' एवढेच ठरवते. चिपमध्ये साठवलेले कोणी वाचू नये, याची व्यवस्था निराळी असते. नक्कल करणाऱ्याला तुमच्या चिपवर स्वतःचे काही चालवायचेच नसते. त्याला तुमचे फर्मवेअर उचलून स्वतःच्या चिपवर चालवायचे असते. लिनक्सच्या बोर्डावरची, प्रोग्राम साठवणारी फ्लॅश मेमरी उघडी असेल तर तो ती सोल्डर सोडवून काढतो, वाचणाऱ्या यंत्रात ठेवतो, आणि तुमची सही त्याला क्षणभरही थांबवत नाही. त्या सहीमुळे अडतो तो पैसे मोजून खोके विकत घेतलेला, त्याचे पोर्ट शोधून काढणारा तुमचा ग्राहक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

थोडे विषयांतर करतो, पण ते उपयोगाचे आहे. आपल्याकडे 'हॅक' हा शब्द वर्तमानपत्रांतून आला तो खात्यातून पैसे गेल्याच्या बातमीबरोबर, त्यामुळे भागीदारांना तो ऐकून धडकी भरली असेल तर नवल नाही. त्या ग्राहकाने जे केले त्याला मराठीत खटपट म्हणतात. वस्तू आपली आहे, ती आपल्या घरात आहे आणि तिच्याकडून आपल्याला हवे ते काम करून घ्यायचे आहे, यापलीकडे त्याचा हेतू दिसत नाही. तुमच्याशी बोलताना भागीदारांनी काही दिवस 'खटपट' हाच शब्द वापरावा. निम्मा वाद त्यानेच निवळेल.

आता उपायाकडे येतो. तुमच्या खोक्यात दोन बोर्ड आहेत, ही तुमची मोठी सोय आहे आणि ती तुम्ही वापरलेली नाही. मौल्यवान प्रोग्राम तुम्ही लिनक्सच्या बोर्डावर ठेवला आहे, म्हणजे दागिने ओसरीवर ठेवून माजघराला कुलूप घालण्याचा विचार चालला आहे. तो प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरवर न्या. प्रवाहाचे नमुने घेणे, त्यांचा आकार तपासणे आणि त्यावरून निर्णय करणे, हे काम आजच्या मध्यम दर्जाच्या मायक्रोकंट्रोलरला बहुधा जड जाणार नाही; जड गेलेच तर चिप एक पायरी वरची घ्या, तो खर्च तुम्हाला पुढच्या डोकेदुखीपेक्षा स्वस्त पडेल. लिनक्सच्या बोर्डाकडे जाळे (नेटवर्क), ॲप, नोंदी आणि वेळापत्रक ठेवा. दोघांमधला संवाद थोड्या ठरावीक संदेशांचा असावा: मोटर चालू कर, बंद कर, सद्यःस्थिती सांग, कोरडी चालली असल्यास कळव. हे संदेश छापील कागदावर जाहीर करा. त्या ग्राहकाला जे हवे होते त्यातले नव्वद टक्के त्याला तेथेच मिळेल आणि तुमच्या तीन वर्षांच्या कामाला त्याचा हात लागणार नाही.

आता मायक्रोकंट्रोलरवरचे कुलूप कोणते, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या सल्ल्याचा गाभा येथे आहे. एसटीएम३२ या फार वापरल्या जाणाऱ्या चिपांच्या कुटुंबात वाचनबंदीच्या पातळ्या आहेत. शून्य पातळीवर चिप सताड उघडी असते. पहिल्या पातळीवर बाहेरून फ्लॅश वाचता येत नाही. पण मालकाने ठरवले तर तो चिपला पुन्हा शून्य पातळीवर आणू शकतो आणि तसे करताच चिप स्वतःची सगळी फ्लॅश पुसून टाकते. दुसरी पातळी बहुतेक चिपांत कायमची असते, तिच्यातून परतीची वाट नाही. तुमचे भागीदार दुसऱ्या पातळीकडे निघाले आहेत. मी पहिली सुचवतो, कारण तिच्यात दोघांचाही मान राहतो: दार मालकाला उघडता येते, परंतु ते उघडताना आतले गुपित पुसले जाते. तुमचा प्रोग्राम त्याच्या हाती पडत नाही, आणि तुमचे हार्डवेअर त्याच्या हाती पूर्णपणे पडते. ज्याला स्वतःचा प्रोग्राम लिहायचा आहे त्याने खुशाल लिहावा; बोर्डाचे पैसे त्याने दिलेले आहेत.

भागीदार यावर म्हणतील की पहिली पातळी भेदता येते. म्हणू द्या, ते बरोबरच आहे. या कुटुंबातील काही चिपांवर संशोधकांनी ती भेदून दाखवली आहे. पण ते ज्या फ्यूजवाल्या सुरक्षेवर विसंबतात तिचेही तेच झाले आहे: २०१९ मध्ये ईएसपी३२ या चिपच्या पहिल्या आवृत्त्यांमधून, वीजपुरवठ्याला नेमक्या क्षणी झटका देऊन, फ्यूजमध्ये दडवलेल्या किल्ल्या बाहेर काढल्या गेल्या. चिपमधले गुपित म्हणजे तिजोरी नव्हे. ते फोडण्याचा खर्च तुमचा प्रोग्राम पुन्हा लिहिण्याच्या खर्चापेक्षा जास्त व्हावा एवढीच अपेक्षा ठेवायची असते. तीन वर्षांचे काम असेल तर पहिली पातळी ती अपेक्षा पुष्कळशी पुरी करते.

गुपित पुसून दार उघडण्याची ही युक्ती माझी नव्हे. अँड्रॉइड फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अधिकृत रीतीने मोकळा करताना फोनमधील सगळी खासगी माहिती पुसली जाते, ती याच कारणाने. अन्यथा रस्त्यात सापडलेला फोन कोणीही मोकळा करून त्यातली छायाचित्रे पाहिली असती. याहून विचारपूर्वक घडवलेले उदाहरण क्रोमबुकचे आहे. गुगलने डिसेंबर २०१० मध्ये सीआर-४८ नावाचा प्रायोगिक लॅपटॉप वाटला, तेव्हा त्याच्या बॅटरीखाली एक चिमुकला खटका होता. तो सरकवला की लॅपटॉप गुगलच्या सहीचा आग्रह सोडत असे. पुढच्या यंत्रांत खटक्याऐवजी कळफलकावरची एक ठरावीक जुळणी आली, परंतु तत्त्व तेच राहिले. हे दार जाळ्यावरून उघडता येत नाही, यंत्रासमोर माणूसच बसलेला लागतो. उघडताना आतली माहिती पुसली जाते. आणि त्यानंतर प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना पडद्यावर सूचना येते की येथे तपासणी बंद आहे. बूट करणारा मूळ प्रोग्राम बदलायचा तर पूर्वीच्या बहुतेक यंत्रांत मदरबोर्डवरचा एक स्क्रू काढावा लागे. एका स्क्रूवर सुरक्षा ठेवणे हा मला त्या सगळ्या रचनेतील सर्वांत समंजस निर्णय वाटतो, कारण स्क्रू दुरून काढता येत नाही.

तुमच्या खोक्यात हे असे उतरेल. लिनक्सच्या बोर्डावर सही तपासणे चालू ठेवा, कारण भागीदारांच्या तिसऱ्या चिंतेवर तोच खरा उपाय आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेले नव्हते म्हणून. तेव्हा प्रत्येक खोक्याला वेगळा पासवर्ड, जाळ्यावरून रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) प्रवेश पूर्ण बंद, आणि अपडेट फक्त सही असलेले. परंतु झाकणाच्या आत, दोन स्क्रूंच्या खाली, एक बटण ठेवा. ते दाबून धरत खोके सुरू केले की तुमच्या सर्व्हरशी बोलण्यासाठी त्या खोक्याला दिलेली किल्ली पुसली जावी, मालकाची वाय-फायची माहिती पुसली जावी, आणि त्यापुढे बोर्डाने कोणतेही फर्मवेअर स्वीकारावे. दर्शनी भागावर पिवळा दिवा कायम लागलेला राहावा, म्हणजे जुने खोके विकत घेणाऱ्याला ते आधी कोणी उघडले होते हे कळेल. सिरीयल पोर्टच्या चार पिना ठेवा आणि त्यांची नावे बोर्डावर छापा. त्या काढून टाकल्याने तुमच्या स्वतःच्या दुरुस्ती करणाऱ्याचे हाल होतील, हे भागीदारांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

दुसऱ्या चिंतेवर एकच गोष्ट सांगतो, पण ती काटेकोरपणे पाळा. मोटर जळू नये आणि कोणाला शॉक बसू नये, ही जबाबदारी कोणत्याही बदलता येणाऱ्या प्रोग्रामवर टाकू नका, तुमच्या स्वतःच्याही नाही. ओव्हरलोड रिले, एमसीबी आणि अर्थिंग यांनी आपापले काम सॉफ्टवेअरला न विचारता करावे. ग्राहकाने लिनक्सवर काहीही चढवले, किंवा मायक्रोकंट्रोलर पुसून स्वतःचा चुकीचा प्रोग्राम घातला, तरी सर्वांत वाईट म्हणजे पाणी चढणार नाही किंवा रिले ट्रिप होईल, एवढेच घडले पाहिजे. तुमच्या वाय-फाय मॉड्यूलमधील रेडिओचे फर्मवेअर मात्र बंदच राहू द्या. प्रक्षेपणाच्या मर्यादा कायद्याने ठरलेल्या असतात आणि मॉड्यूलची मान्यता त्यावर अवलंबून असते. पण रेडिओ बंद ठेवायचा म्हणून सगळे यंत्र बंद करायचे, हा आळस झाला. अमेरिकेत तो आळस काही राउटर बनवणाऱ्यांनी केला. तेथील दूरसंचार आयोगाने ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंक या कंपनीशी केलेल्या तडजोडीत, रेडिओची मर्यादा ओलांडू दिल्याबद्दल २ लाख डॉलर घेतले. त्याच तडजोडीत रेडिओला धक्का न लावता इतरांचे फर्मवेअर आपल्या राउटरवर चालावे यासाठी प्रयत्न करण्याचेही कंपनीकडून कबूल करून घेतले.

आता परवान्याचा प्रश्न. मी वकील नाही. माल बाजारात पाठवण्यापूर्वी या विषयातील वकिलाला एकदा कागद दाखवा. परंतु तुमची मुख्य भीती दूर करता येते. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या मुख्य भागावर, साधा प्रोग्राम म्हणून चालणारे तुमचे सॉफ्टवेअर कर्नलच्या परवान्याखाली, म्हणजे सोर्स कोड द्यायला लावणाऱ्या जीपीएलखाली, येत नाही. कर्नलबरोबरच्या परवान्याच्या मजकुरातच तसे स्पष्ट केलेले आहे. तुम्ही कर्नलमध्ये भरायचा मॉड्यूल लिहिला असेल, किंवा जीपीएल परवान्याची एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) स्वतःच्या प्रोग्राममध्ये जोडली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे आणि ते आजच तपासा. गाभ्याचा प्रोग्राम वेगळ्या चिपवर गेला की हा प्रश्न आणखी सोपा होतो, हा त्या सल्ल्याचा दुसरा फायदा.

कर्नल, बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या साधनांचा संच), यू-बूट (बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम) यांचा तुम्ही वापरलेला नेमका सोर्स कोड मात्र ग्राहकाला द्यावाच लागेल, तुम्ही केलेल्या बदलांसह आणि तो बांधण्याच्या सूचनांसह. टाळाटाळ करू नका. या कारणावरून डिसेंबर २००८ मध्ये जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोसारख्या बलाढ्य कंपनीला न्यायालयात खेचले होते आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण तडजोडीने मिटले.

सोर्स कोड द्यायचा, पण बदललेला कोड खोक्यावर चालू द्यायचा नाही, ही पळवाट टिवो या टीव्हीचे कार्यक्रम नोंदवणाऱ्या यंत्राने प्रसिद्ध केली. तिला उत्तर म्हणून २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. घरगुती वापराच्या वस्तूत अशा परवान्याचे सॉफ्टवेअर घातले तर बदललेले सॉफ्टवेअर बसवण्यासाठी लागणारी माहिती, किल्ल्यांसकट, ग्राहकाला द्यावी लागते. कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, आणि त्या आवृत्तीत सहीच्या किल्ल्या येतात की नाही यावर अजून वाद घातला जातो. पण तुमच्या खोक्यात बॅश (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) किंवा सांबा (जाळ्यावर फाइली वाटणारा प्रोग्राम) असेल तर ते तिसऱ्या आवृत्तीचे आहेत. वर सांगितलेले बटण असेल तर तुम्हाला या वादात पडण्याचे कारणच उरत नाही. भागीदारांना त्या आवृत्तीतले एक कलम मुद्दाम वाचायला द्या: बदललेल्या सॉफ्टवेअरसाठी वॉरंटी, मदत किंवा अपडेट देत राहण्याची सक्ती निर्मात्यावर नाही, आणि बदलामुळे जाळ्याला खरोखर बाधा येत असेल तर त्या यंत्राला जाळ्यावरचा प्रवेशही नाकारता येतो. ज्यांना ते टोकाचे लोक समजतात, त्यांनीच निर्मात्यासाठी एवढी जागा राखून ठेवलेली आहे.

तुमच्या विक्रीच्या करारात 'उलगडून पाहण्यास (रिव्हर्स इंजिनिअरिंगला) मनाई' असे ठोकळेबाज वाक्य कोणीतरी कोठून तरी उतरवून घातलेले असणार, ते काढा. ग्लिबीसी ही एलजीपीएल (जीपीएलचा सौम्य प्रकार) परवान्याची लायब्ररी वापरणारा प्रोग्राम वाटताना ग्राहकाला स्वतःच्या वापरासाठी बदल करण्याची आणि त्यातील दोष शोधण्यासाठी प्रोग्राम उलगडून पाहण्याची मुभा द्यावी लागते, म्हणजे तुमचे वाक्य तुमच्याच परवान्याशी भांडते. शिवाय आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला त्याचे कार्य न्याहाळणे, अभ्यासणे, तपासणे, आणि दुसऱ्या प्रोग्रामशी त्याची सांगड घालण्यासाठी लागणारी, अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवणे, हे कॉपीराइटचा भंग मानले जात नाही. २०१२ मध्ये आलेले ६५ए हे कलम तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण ती कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने फोडले असेल तर. सोसायटीच्या टाकीचे पाणी स्वतःच्या संगणकावर पाहणाऱ्या माणसाचा तो हेतू होता, असे न्यायाधीशांना पटवून देणे कठीण जाईल. 'सहज न मिळणारी' हे शब्द मात्र ध्यानात ठेवा: तुम्ही संदेशांचा तक्ता जाहीर केला की उलगडण्याची गरजही कमी होते आणि त्यासाठीची सबबही.

तुमच्याकडे पैसे गुंतवणाऱ्यांना लिंक्सिसच्या राउटरची गोष्ट सांगा, कारण तत्त्वापेक्षा विक्री त्यांना लवकर समजते. डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. पुढच्या वर्षी, सिस्को ती कंपनी विकत घेत होती त्याच सुमारास, त्यात लिनक्स असल्याचे लोकांच्या ध्यानात आले आणि तगाद्यानंतर सोर्स कोड जाहीर झाला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचे मुक्त फर्मवेअर उभे राहिले, आणि साधासा घरगुती राउटर लोक हौसेने विकत घेऊ लागले. वायरलेस चिपचा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्या सगळ्या काळात बंदच होता; लोक तो तसाच, न उघडता, आपल्या नव्या फर्मवेअरमध्ये घालून वापरत. उघडे आणि बंद एका खोक्यात नांदू शकतात, याला याहून जुना दाखला शोधायला नको. २००५ च्या अखेरीस कंपनीने खर्च वाचवण्यासाठी पाचव्या आवृत्तीत फ्लॅश ४ एमबीवरून २ वर आणि रॅम १६ एमबीवरून ८ वर आणली आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद ऑपरेटिंग सिस्टिम घातली. पण त्याच वेळी खटपट्या ग्राहकांसाठी जुनेच हार्डवेअर 'जीएल' या नव्या नावाने चालू ठेवले, आणि ते मॉडेल दहा वर्षांहून अधिक काळ विकले गेले. जाळ्यांच्या जगात दहा वर्षे म्हणजे तीन पिढ्या. दयाबुद्धीने कोणी एवढे दिवस कारखाना चालवत नाही.

याच्या उलटही घडले आहे, आणि पहिली ३०० खोकी विकलेली असल्यामुळे ते तुमच्या फार जवळचे आहे. सोनीने प्लेस्टेशन ३ विकताना त्यावर लिनक्स बसवण्याची सोय दिली होती. जानेवारी २०१० मध्ये एका तरुणाने त्या सोयीच्या आधाराने यंत्राच्या आतल्या थरापर्यंत पोहोचून दाखवले, आणि सुरक्षेचे कारण देऊन सोनीने १ एप्रिल २०१० च्या अपडेटमधून ती सोयच काढून घेतली. अपडेट नाकारणाऱ्यांना ऑनलाइन खेळता येईना. घेणाऱ्यांचे लिनक्स गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवले की सोनीच्या सह्या करताना दर वेळी बदलायला हवी ती यादृच्छिक (रँडम) संख्या बदललेलीच नव्हती, आणि त्यामुळे सहीची खासगी किल्ली गणिताने काढता येते. हातात लिनक्स असलेले लोक त्या कुलपाकडे वळले ते सोय काढून घेतल्यामुळे, असे त्या संशोधकांचे म्हणणे होते. ग्राहकांनी लावलेला दावा पुढे अनेक वर्षे चालून तडजोडीने मिटला. तेव्हा नव्या तुकडीत काय करायचे ते करा, पण जुन्या ३०० खोक्यांचे सिरीयल पोर्ट अपडेट पाठवून बंद करण्याचा मोह भागीदारांना झाला तर त्यांना आवरा. विकलेल्या वस्तूतून काही परत घेणे ही विक्री नव्हे.

तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या पत्रात एक शब्द मला खटकला: ॲप. मोटर चालवण्यासाठी तुमचा सर्व्हर चालू असावा लागतो का? आमच्या सोसायटीत पाच-सहा वर्षांपूर्वी असाच एक नियंत्रक बसवला होता. दिसायला देखणा आणि दोन वर्षे उत्तम चालला. मग बनवणाऱ्यांनी धंदा गुंडाळला, ॲप उघडेना, आणि एका मे महिन्यात सकाळी साडेसहाला वरची टाकी रिकामी पडली. नियंत्रक पूर्ण शाबूत होता; त्याला 'चालू हो' सांगणारा कोणी उरला नव्हता. शेवटी वॉचमनने इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन वायरी काढल्या, जुना स्टार्टर आणि फ्लोट स्विच परत बसवला, आणि तो देखणा डबा अजून पंपाच्या खोलीत खिळ्याला लटकतो आहे. मोठ्या नावांनीही हेच केलेले आहे. रिव्हॉल्व्ह हे घरातील उपकरणे जोडणारे ३०० डॉलरचे यंत्र गुगलच्या नेस्टने ती कंपनी घेतल्यानंतर मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद करून कायमचे निकामी केले. तुमचे खोके इंटरनेट नसताना, तुमची कंपनी नसताना, घरातल्या वाय-फायवरून आणि खोक्यावरच्या बटणावरून चाललेच पाहिजे. सही करण्याची तुमची किल्ली कोणाकडे असते आणि धंदा बंद करण्याची वेळ आली तर शेवटचे, सगळे मोकळे करणारे अपडेट कोण पाठवील, हे भागीदारीच्या कागदात आत्ताच लिहून ठेवा. असे काही लिहायला भागीदार कचरतील. मृत्युपत्रालाही माणसे कचरतातच.

वॉरंटीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. झाकण उघडले म्हणून रिलेची वॉरंटी जात नाही. बटण दाबून दुसरे सॉफ्टवेअर घातल्यानंतर सॉफ्टवेअरची तक्रार तुम्ही ऐकण्याचे कारण नाही. पण सोल्डर कच्चे निघाले तर ते तुमचेच आहे. हा फरक विक्रीच्या पत्रकात दोन वाक्यांत लिहा. झाकणावर फाटणारी चिकटपट्टी लावून ग्राहकाला घाबरवू नका. ती पावसाळ्यात आपोआप सुटते आणि मग भांडण उगाचच होते.

शेवटी वेळेचा प्रश्न. प्रोग्राम एका चिपवरून दुसऱ्या चिपवर नेणे, बटणाची सोय, संदेशांचा तक्ता, एवढे सगळे दिवाळीपर्यंत होईलच असे नाही. झाले नाही तर घाईने फ्यूज जाळण्यापेक्षा जुन्याच रचनेची ५०० खोकी काढा आणि उरलेली १,५०० थांबवा. झालेच, तर पूर्ण तुकडी काढण्याआधी नव्या रचनेचे पहिले खोके त्या तारा जोडणाऱ्या ग्राहकाला फुकट पाठवा. सोबत चिठ्ठी असू द्या: बटण कोठे आहे, ते दाबल्यावर काय पुसले जाईल, आणि आमचा प्रोग्राम तुम्हाला बाहेर काढता आला तर कृपया आधी आम्हाला कळवा. पंधरा दिवस त्याच्या उत्तराची वाट पाहा, आणि तोवर बाकीच्या १,९९९ बोर्डांची मागणी नोंदवू नका.